क्यूए-२ दिसत नाही, हा दोष बहुधा अँटीबॉडीचा नाही

सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतील वाणाच्या उंदरांच्या प्लीहेतील टी पेशींवर (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) क्यूए-२ हा पृष्ठभागावरचा प्रथिन-रेणू ठळक दिसतो आणि बाल्ब/सी वाणाच्या उंदरांत जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा तो रंगवून दाखवणारी अँटीबॉडी खराब झाली असेल का, असे आपण विचारले आहे. अँटीबॉडीवर संशय घेण्यापूर्वी आपले उंदीर नेमके कोणत्या उपवाणाचे (एकाच वाणाच्या वेगळ्या वाढवलेल्या शाखेचे) आहेत, ते पिंजऱ्यावरच्या कार्डावर पाहावे. बाल्ब/सीजे उपवाणात क्यूए-२ कमी असतो, तर बाल्ब/सीबायजे उपवाणात तो नसतोच. सीबीए वाणातही तो आढळत नाही.

१७व्या गुणसूत्रावरील एच-२ संकुलाच्या (उंदरातील एमएचसी या प्रतिकारशक्तीच्या जनुकसमूहाच्या) क्यू विभागातून हा रेणू येतो, आणि सी५७बीएल/६ मध्ये ते काम क्यू७ व क्यू९ ही जनुके करतात. टी पेशींना पेप्टाइडे (प्रथिनांचे तुकडे) दाखवणाऱ्या के आणि डी या क्लासिकल रेणूंप्रमाणे त्याचीही जड साखळी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या छोट्या प्रथिनाशी जोडलेली असते आणि खाचेत ९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड बसते. मात्र पेशीपटलातून आरपार जाण्याऐवजी तो जीपीआय या स्निग्ध दुव्याने पटलाच्या बाहेरच्या थराला अडकलेला असतो. म्हणून पेशींवर पीआय-पीएलसी या विकराची प्रक्रिया केल्यास क्यूए-२ सुटून जातो आणि के, डी जागेवर राहतात. खात्री करून घेण्यासाठी मला हीच पडताळणी सर्वांत आवडते. अँटीबॉडी तपासायची तर त्याच दिवशी, त्याच मात्रेत सी५७बीएल/६ च्या पेशी सोबत रंगवाव्यात.

क्यूए-२ सारख्या रेणूंविषयीचे ‘नॉन-क्लासिकल म्हणजे दुय्यमच ना’, हे आपले विधान मात्र मला मान्य नाही. त्या एका नावाखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेले रेणू कोंबले गेले आहेत. क्यूए-१ च्या खाचेत मुख्यतः डी व एल रेणूंच्याच संकेत-पेप्टाइडचा (प्रथिनाच्या सुरुवातीच्या, नंतर कापल्या जाणाऱ्या भागाचा) ‘क्यूडीएम’ हा तुकडा बसतो आणि तो पाहून सीडी९४/एनकेजी२ए ग्राही असलेल्या एनके पेशी (इतर पेशींना मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) थोपवल्या जातात. एम३ या दुसऱ्या रेणूला फॉर्माइल गट असलेली पेप्टाइडे लागतात, जी जिवाणूंकडून किंवा तंतुकणिकांकडून येतात. ती मिळेपर्यंत तो बहुतांशी पेशीच्या आतच राहतो. टीएल या आणखी एका रेणूची खाच तर मिटलेलीच आहे, तो पेप्टाइड धरत नाही आणि टी पेशींवरील सीडी८ अल्फा-अल्फा या रेणूशी घट्ट जुळतो.

टीएलच्या बाबतीतही वाणाचा हाच घोळ आहे: बाल्ब/सीच्या थायमसमध्ये (टी पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीत) तो सापडतो, सी५७बीएल/६ च्या निरोगी थायमसमध्ये नाही, पण त्याच सी५७बीएल/६ च्या लहान आतड्याच्या अस्तरपेशींवर तो असतो.