योहानाचा ‘शब्द’ आणि काकूंचं ‘वचन’

प्रश्न कऱ्हाडच्या एका ताईंचा आहे. शेजारच्या ख्रिस्ती काकू दर रविवारी ‘वचन ऐकायला चाललेय’ म्हणतात. हे वचन कुणी कुणाला दिलेलं? आणि वचनच म्हणायचं, तर मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाची (म्हणजे योहानानं सांगितलेल्या येशूच्या चरित्राची) सुरुवात ‘प्रारंभी शब्द होता’ अशी का? हिंदीत त्याच जागी ‘आदि में वचन था’ आहे. मराठीनं वचन सोडून शब्द का धरला?

आधी काकूंचं. त्यांचं ‘वचन’ म्हणजे शास्त्रवचन. ‘वच्’ म्हणजे बोलणं, म्हणून वचन म्हणजे बोललेलं. संतवचन, सुवचन यांतलं तेच. आपल्या रोजच्या बोलण्यात हा अर्थ मागे पडला आणि वचन म्हटलं की द्यायचं-घ्यायचं तेवढं उरलं. सांगली-मिरजेकडच्या मंडळ्यांत मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. (मंडळी म्हणजे तिथं चर्चचे सभासद. एका पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ‘आमची मंडळी लहान आहे’ म्हटल्यावर मी वहिनींचं वय विचारायच्या बेतात होतो.) पाळक वचन वाचतात, पोरं वचन पाठ करतात, आजारी माणसाच्या उशाशी वचन वाचून प्रार्थना होते.

तरी ताईंचा ‘कुणी कुणाला दिलेलं’ हा सवाल वाटतो तेवढा भाबडा नाही. आम्ही मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या, म्हणजे वॉन्लेसच्या मागे भाड्यानं राहत होतो तेव्हा शेजारी एक ख्रिस्ती आजी होत्या. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर त्या ‘वचन काढायच्या’. स्टीलच्या ताटात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बायबलातली एखादी ओळ. ज्याला जी निघेल ती त्याची वर्षभराची. आजींना वाचता येत नव्हतं. नातू वाचून दाखवायचा, त्या दोनदा वाचायला लावायच्या आणि चिठ्ठी बटव्यात, तपकिरीच्या डबीशेजारी ठेवायच्या. ‘यंदा मला यशया निघालाय’ (यशया हे बायबलातल्या एका संदेष्ट्याचं पुस्तक), हे त्या दुसऱ्या दिवशी पाणी भरताना सगळ्या चाळीला सांगायच्या. त्या चिठ्ठीवर वचन हा शब्द दोन्ही अर्थांनी बसतो: शास्त्रातली ओळ, आणि देवानं आपल्याला दिलेली खात्री. बायबलात या दुसऱ्या अर्थासाठी ‘अभिवचन’ असा वेगळा शब्द आहे. आजींना तो माहीत असणार, पण बटव्यात त्यांनी वचनच ठेवलं.

आता ‘शब्द’, आणि इथं जरा रेंगाळायला हवं.

सातारा-सांगलीकडं कुणी हातउसने पैसे घेताना ‘मी तुला वचन देतो’ म्हणाला, तर समोरचा आधी हसेल आणि मग पैसे द्यायचे की नाहीत याचा विचार करेल. वचन लग्नात, नाटकात आणि मालिकेत उरलं. व्यवहारात चालतो तो शब्द. शब्द देतात, पाळतात, फिरवतात, शब्दाला जागतात, एखादा कुणाच्या शब्दाबाहेर नसतो. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. वाळव्याकडचा एक शेतकरी पोरीचं लग्न तोंडावर आल्यावर उचल मागायला आला होता. माल अजून हरिपुरात पेवात होता. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला खड्डा, त्यात हळद साठवून तोंड बुजवायचं. २००५ च्या महापुरात या पेवांची पार वाताहत झाली. म्हणजे तारण काय, तर डोळ्यांना न दिसणारी हळद. शेठनी वडिलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, ‘शब्दाचा माणूस आहे.’ तिजोरी उघडली, वहीत एक ओळ पडली आणि तो माणूस बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून निघून गेला. पट्टी, म्हणजे माल विकून हिशेब, झाली ती दोन महिन्यांनी.

वडील ‘शब्दाचा माणूस’ म्हणाले, ‘शब्दांचा’ नव्हे. तो अनुस्वार दिला की माणूस बदलतो. ‘त्याचे शब्द’ म्हटलं की आपण त्याची भाषा पाहतो, गोड आहे, कडू आहे, शुद्ध आहे. ‘त्याचा शब्द’ म्हटलं की तो माणूस पाहतो. ‘नुसते शब्द’ म्हणजे पोकळ बडबड, आणि ‘नुसता शब्द’ म्हणजे पुरेसं तारण. माझ्या मते योहान वाचताना हे एकवचन कानात असावं. तिथला शब्द शब्दकोशातला नव्हे, वडिलांनी शेठला सांगितला त्या जातीचा.

मूळ ग्रीकात ‘लोगोस’ आहे. त्यात शब्द, बोलणं, हिशेब, विवेक असं बरंच मावतं. नुसती व्युत्पत्ती पाहिली तर ‘वचन’ त्याला जवळचं, कारण दोन्ही ‘बोलणे’ अर्थाच्या धातूंवरून आलेत. ‘शब्द’ मुळात नुसता ध्वनी. पण मराठीत लिंगाची भानगड आहे. शब्द तो, वचन ते. दुसऱ्याच ओळीत ‘तोच प्रारंभी देवासह होता’ असं येतं. वचन घेतलं असतं तर ‘तेच’ म्हणावं लागलं असतं, आणि पुढं ज्याला येशू म्हणून ओळखायचं आहे त्याचं पहिलं दर्शन नपुंसकलिंगी झालं असतं. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळं तिथं ‘वचन था’ बिनघोर चालतं. आता लॅटिनमधलं ‘वेर्बुम’ही नपुंसकलिंगी आणि जर्मन ‘वोर्ट’ही, त्यांचं काही अडलं नाही. त्यामुळं लिंगापेक्षा मला कानाचं कारण मोठं वाटतं. मराठी कान शब्दाला देव म्हणायला आधीच सरावला होता. तुकोबांचं ‘शब्दचि हा देव’ आठवेलच, पण त्याच्याही आधी ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीलाच ‘हें शब्दब्रह्म अशेष । तेचि मूर्ति सुवेष’ आहे. शब्दब्रह्माचीच मूर्ती झाली, असं ज्ञानदेव गणेशाला म्हणतात. म्हणून योहानाचं पुढचं ‘शब्द देही झाला’ हे मराठी माणसाला परकं वाटत नाही. दोन्ही एकच, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्ञानदेवांची मूर्ती अक्षरांची आहे. योहानाचा शब्द तहानेला होतो, रडतो, मरतो.

आणि त्याच ओळीतलं ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ हे भाषांतर तर मला फार आवडतं. ग्रीक क्रियापदात तंबू ठोकल्याचा अर्थ आहे. ‘राहिला’ म्हटलं असतं तर तो अर्थ गेला असता. आपल्याकडं धनगर मेंढरं घेऊन वस्तीला उतरतात, एसटीची वस्तीची गाडी रात्रभर गावात थांबते. वस्तीत मुक्काम आहे आणि पालही आहे.

जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातल्या, हिब्रूकडं वळलं की गंमत वाढते. (करार हाही पेठेतलाच शब्द. मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरला छापला गेला. नगरचं नव्हे, बंगालमधलं.) हिब्रूत ‘दाबार’ म्हणजे शब्दही आणि वस्तू किंवा घटनाही. देव ‘प्रकाश होवो’ म्हणतो आणि प्रकाश होतो, बोलणं आणि होणं यांत फट नाही. हे समजावून सांगताना इतरांना पानं खर्चावी लागतात. आपल्याकडं ‘गोष्ट’ आहे. ‘गोष्टी करत बसले’ म्हणजे बोलत बसले, आणि ‘झालेली गोष्ट’ म्हणजे घडलेली. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ बेथलेहेमला निघतात ते झालेली गोष्ट बघायला. मूळ ग्रीकात तिथं ‘ऱ्हेमा’ आहे, म्हणजे बोललेलं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (३:१९) हिब्रूत शब्दशः असं आहे की देवानं शमुवेलाचा एकही शब्द जमिनीवर पडू दिला नाही. परदेशी वाचकाला हे अलंकारिक वाटत असेल. आपल्याकडं ‘सासूचा शब्द खाली पडू देत नाही’ हे सुनेचं रोजचं वर्णन आहे. ‘शब्द झेलणे’ त्याचंच भावंड.

नव्या करारातली रोमी शताधिपतीची, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याची, कथाही अशीच. त्याचा चाकर आजारी आहे. येशू घरी यायला निघतो तर हा म्हणतो, घरी यायची गरज नाही, ‘शब्द मात्र बोला म्हणजे माझा चाकर बरा होईल.’ साताऱ्यात कुठल्याही साहेबांच्या बैठकीत बाहेर बाकावर बसून ऐका: ‘दादा, तुम्ही नुसता शब्द टाका, काम होतंय.’ शताधिपतीही हुकुमाच्या साखळीतला माणूस, शब्द कसा चालतो हे त्याला पक्कं ठाऊक. फरक एवढाच, की आपण शब्द टाकायला सांगतो तेव्हा तो तिसऱ्याकडं टाकायचा असतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी शेवटच्या वर्षांत साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्या नावात मला हीच जाण दिसते. दरबारातच शब्दाला वजन असतं.

ताईंनी विचारलं नव्हतं, पण ‘शब्द लागणे’ राहून जाऊ नये. काटा लागतो, ठेच लागते, तसाच शब्दही लागतो. याकोबाच्या पत्रात जीभ म्हणजे अख्खं रान पेटवणारी ठिणगी आहे, पण आमच्या घरी धूरसुद्धा दिसला नव्हता. दिवाळीला विट्याची आत्या आली होती. पानं मांडली आणि वडील प्रेमानंच म्हणाले, ‘पाहुणीला आधी वाढा.’ आत्या जेवली, भाऊबीज करून गेली आणि पुढच्या तीन दिवाळ्या आली नाही. नंतर आईला म्हणाली, ‘ज्या घरात जन्मले तिथं पाहुणी झाले व्हय? शब्द लागला मला.’ सगळ्यांना वाटत होतं जमिनीचं काहीतरी असेल. चौथ्या वर्षी वडील स्वतः विट्याला मूळ म्हणून, म्हणजे तिला माहेरी आणायला, गेले. शब्दाच्या पेठेत जन्म काढलेला माणूस तिच्या दारात उभा राहून ‘चल’ एवढंच म्हणाला. ती आली. त्या वर्षी तिला सगळ्यात शेवटी, आईबरोबर वाढलं.