नववीतलं इंजिनिअरिंग आणि कुलूपबंद हत्यारं

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला इंजिनिअर करायचं आम्ही ठरवलं आहे, शाखा कॉम्प्युटर. घरातली बंद पडलेली उपकरणं उघडून बसायची तिला सवय आहे. सहामाहीत गणितात ७१ गुण पडले, तेव्हा तिची सोल्डरिंग गन आणि हत्यारांचा डबा मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आठवीपासून ती जेईईच्या फाउंडेशन बॅचला जाते. पहाटे पाचला उठते, रात्री साडेअकराला झोपते, तरी मागे पडतेय असं वाटतं. शाळेत असतानाच इंजिनिअरिंगचा अभ्यास सुरू करता येतो का?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे ते कुलूप. शाळेत असताना इंजिनिअरिंग शिकता येतं का, असं तुम्ही विचारता. ती शिकतच होती, तुम्ही ते बंद केलंत.

पंखा फिरत नाही. वायर तुटली, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा छोटा भाग) गेला की वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळलं? एकेक शक्यता तपासून बाद करत कारणापर्यंत पोहोचायचं, हे डिग्रीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही नीट जमत नाही. तुमच्या मुलीला त्याची ओढ आहे, आणि गणितात गुण कमी पडल्याची शिक्षा नेमकी त्या ओढीला मिळाली. चौदा वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं? की बाबांना इंजिनिअर हवी आहे, पण मला जे येतं ते नको आहे. असं वाटलेली मुलं हळूहळू घरात बोलायची थांबतात. तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, हेही मला खटकलं.

आणि झोप. तुमच्याच हिशेबाने ती साडेपाच तास झोपते. या वयात आठ ते दहा तास लागतात. अपुऱ्या झोपेने लक्ष आणि स्मरणशक्ती दोन्ही घसरतात, त्यामुळे गणिताच्या गुणांचं एक कारण तिथेही असू शकतं. वेळापत्रक आधी बदला, मग बुद्धीबद्दल बोलू.

आता एक मोठा गैरसमज. अकरावीची गणितं नववीत सोडवली की इंजिनिअरिंगची तयारी लवकर सुरू होते, असं अनेक पालक धरून चालतात. सुरू होते ती प्रवेश परीक्षेची तयारी. इंजिनिअरिंग म्हणजे वजन, खर्च, वेळ आणि सुरक्षितता यांच्या मर्यादेत काम करणारी वस्तू उभी करणं, आणि ती का मोडली हे शोधणं. याचा धडा घरीच देता येतो. ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर आडवी धरा आणि टोकाला वजन टांगा, ती वाकेल. तीच पट्टी तिच्या अरुंद बाजूवर उभी धरून तेवढंच वजन टांगा. आता ती सुमारे शंभरपट कमी वाकते. पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, रुंदीच्या मात्र सरळ प्रमाणात. उभी धरल्यावर उंची ३ ची ३० मिलिमीटर, म्हणजे दहापट झाली म्हणून हजारपट, रुंदी दहाव्या हिश्श्यावर आली म्हणून भागिले दहा. तुळई रुंदीपेक्षा उंचीला जास्त का असते, हे तिला यातून कळेल. घन तर नववीतल्या मुलीला येतोच.

तेव्हा डबा आजच परत द्या. सोबत एक मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजणारं यंत्र), एक व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घेणारी मोजपट्टी) आणि एक वही द्या. जे उघडेल त्याचं समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन चित्रं तिने मापांसकट काढावीत. काय बिघडलं असेल याचा अंदाज आधी लिहावा, मग तपासावं. सोल्डरिंग खिडकी उघडी ठेवून, तुमच्या नजरेसमोर. प्रयोग बॅटरीवर, बारा व्होल्टच्या आत. मायक्रोवेव्ह आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र अजिबात उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, असेल तर तिथे तिला जाऊ द्या. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच असते. तयार किट जोडून देणाऱ्या महागड्या रोबोटिक्स क्लासच्या मागे लागू नका. छापील सूचनांप्रमाणे भाग जोडण्यात चुकायला वावच नसतो, आणि ती शिकते ती चुकांमधूनच.

७१ गुणांचं म्हणाल, तर उत्तरपत्रिका तिच्याबरोबर बसून बघा. बीजगणित कच्चं आहे, आकडेमोड चुकते, की वेळ पुरत नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फाउंडेशन बॅच हा त्यातल्या एकाचाही उपाय नाही, म्हणून ती बंद करा. भरलेल्या फीसाठी मुलीला तिथे बसवून ठेवू नका.

पुढचे रस्ते तुम्हाला ठाऊक असतील: बारावी विज्ञान आणि जेईई किंवा सीईटी, नाहीतर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. यातला कुठलाही नववीत सुरू होत नाही.

शाखा तर तुम्ही ठरवूच नका. बंद पडलेली उपकरणं उघडणाऱ्या मुलीवर कॉम्प्युटरचा शिक्का कशासाठी? दहावीच्या सुट्टीत हे सगळे रस्ते तिच्यासमोर ठेवा. तिने इंजिनिअरिंगलाच नाही म्हटलं, तर ते नीट ऐकून घ्या आणि त्या वेळी तिलाच मला लिहायला सांगा.