हवामान मॉडेलचा पाऊस इतका कमी का दिसतो?

प्रश्न : जागतिक हवामान मॉडेलची मासिक पावसाची नेटसीडीएफ फाइल (हवामानाचे आकडे साठवायचा एक प्रकार) ग्रॅड्समध्ये, म्हणजे अशा आकड्यांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. नकाशावर आकडे ०.०००१च्या आसपास दिसतात, आणि दुसरा नकाशा पहिल्यावरच चढतो. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : फाइल ठीक आहे, घोळ एककाचा आहे. मॉडेल पाऊस देतं तो दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर किती किलो असा. चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे १ मिमीचा थर आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून ‘डी पीआर*८६४००’ दिलंत की मिमी प्रतिदिन मिळेल (‘डी’ म्हणजे दाखव, ‘पीआर’ हे फाइलमधलं पावसाचं नाव). (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप मात्र लहान रोमन अक्षरांत करा.) महिन्याची बेरीज हवी तर त्याला दिवसांच्या संख्येने गुणा. इथे जपून, काही मॉडेलांचा प्रत्येक महिना ३० दिवसांचाच असतो! ‘एनसीडंप -एच’ने (फाइलची माहिती दाखवणारी, ग्रॅड्सबाहेर द्यायची आज्ञा) फाइलचं कॅलेंडर आणि एकक आधी बघायची सवय लावाच.

ग्रॅड्स आपणहून पडदा पुसत नाही. नव्या नकाशाआधी नुसतं ‘सी’ आणि एंटर. रंगीत पट्ट्यांसाठी ‘सेट जीएक्सआउट शेडेड’.

सोलापूरचा दहा वर्षांचा आलेख हवा असेल तर ‘सेट लॅट १७.७’, ‘सेट लॉन ७५.९’, ‘सेट टी १ १२०’ (१२० महिने) आणि मग वरचीच ‘डी पीआर*८६४००’. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून दर चौकोनाला एकच आकडा देतं; बऱ्याच जागतिक मॉडेलांचा एक चौकोन १०० किमीच्या घरात असतो, तेव्हा बार्शी आणि सोलापूर यांतला फरक त्यात शोधू नका.

पुढे समुद्राची फाइल ‘एसडीएफओपन’ने (ग्रॅड्सची फाइल उघडायची आज्ञा) उघडली नाही, तर बहुधा तिचं चौकोनांचं जाळं वक्र असतं, अक्षांश-रेखांशांना धरून सरळ नसतं. सीडीओ या हवामानाच्या फाइलींवर काम करणाऱ्या वेगळ्या साधनाच्या ‘रीमॅपबिल,आर३६०एक्स१८०’ने ते आधी सरळ, एकेका अंशाचं करून घ्या.