सहावा रिसीव्हर कशाला? बडोद्याच्या बेंगल्सवाल्यांना उत्तरं

यावेळी अमेरिकन फुटबॉलचे प्रश्न भरपूर आलेत, त्यात बडोद्याहून आलेले जवळजवळ सगळे सिनसिनाटी बेंगल्सवाल्यांचे. कुणाचा भाचा तिथे शिकतोय, कुणाची मुलगी तिथे नोकरीला आहे, आणि घरातलं माणूस एकदा त्या गावात राहायला लागलं की त्या गावाची टीम आपलीच होते. २६ ऑगस्ट २०२५ ला सीझनसाठीची ५३ जणांची यादी लागली, त्यावरून घराघरात वाद चाललेत, म्हणून आज यादी, रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारे खेळाडू, आणि नवे नियम एवढंच घेतो.

प्रश्न : गणपतीच्या आदल्या रात्री आमच्या मंडळाच्या मखराचं काम चालू होतं, आपल्याकडे दीड वाजता यादीची मुदत संपली आणि पडदे लावायचे सोडून आम्ही चार जण मोबाईलला चिकटलो. बघतो तर सहा रिसीव्हर ठेवलेत! बॉल जातो चेसकडे नाहीतर हिगिन्सकडे, उरलासुरला तिसऱ्याकडे, मग बाकीचे तिघं नुसते बसायला का? त्या जागी डिफेन्सला एखादा तगडा माणूस का नाही घेतला? माझा भाचा तिकडेच असतो, तो म्हणतो मामा तुला कळत नाही.
— एक मामा, दांडिया बाजार

उत्तर : मामा, या बाबतीत मी भाच्याच्या बाजूने आहे. तुम्ही रिसीव्हर मोजताय ते बॉल कुणाकडे जातो त्यावरून, आणि पहिल्या तिघांपर्यंत ते बरोबरच आहे, पण चौथ्यापासून पुढच्या माणसाला फक्त कॅचसाठी ठेवतच नाहीत, त्याला ठेवतात स्पेशल टीम्ससाठी, म्हणजे किकऑफ (खेळ सुरू करताना मारलेली किक), पंट (बॉल समोरच्यांना सोडताना लांब मारलेली किक) वगैरेसाठी. कॅम्पला ९० जण असतात, त्यातून ५३ उरतात, आणि त्यातलेही सगळे मैदानात उतरत नाहीत, मॅचच्या दिवशी ४८च उतरवता येतात, तेही त्यात आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन (पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे) असतील तर, नाहीतर ४७. इतकी ओढाताण असताना कोच खालच्या प्रत्येकाला एकच विचारतो, ऑफेन्समध्ये तुझा नंबर लागला नाही तर तू काय करणार? चेसला हे कुणी विचारत नाही. पाचव्याला विचारतातच.

चार्ली जोन्स बघा ना. पर्ड्यूकडून २०२२ च्या सीझनला ११० कॅच, अख्ख्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त, मग २०२३ च्या ड्राफ्टला (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात ते) चौथ्या फेरीत बेंगल्सनी घेतला, आणि इथे त्याच्याकडे पास येतात किती? अगदी थोडे. पण २० ऑक्टोबर २०२४ ला क्लीव्हलंडमध्ये मॅचचा पहिलाच किकऑफ त्याने उचलला आणि १०० यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की सहा पॉइंट), पास फेकणाऱ्या बरोला अजून मैदानात पाऊल ठेवायचं होतं तेव्हा बोर्डावर सहा पॉइंट लागलेले. मॅच जिंकली २१-१४. सात पॉइंटांचा फरक आणि त्यातले सहा पाचव्या-सहाव्या नंबरच्या रिसीव्हरने एकही पास न पकडता मिळवलेले, मामा, मग सांगा तो बसायला ठेवलाय का?

सहांतल्याच टिन्सलीला तर २०२३ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, प्रॅक्टिस स्क्वॉडवर (यादीबाहेर, नुसता सराव करणाऱ्यांत) राहिला, २०२५ च्या प्री-सीझनला (सीझनआधीच्या सराव मॅचला) कमांडर्सविरुद्ध दोन टचडाऊन मारले आणि यादीत नाव लावून घेतलं, मला फार बरं वाटलं. आयोसिव्हास प्रिन्स्टनचा, ॲथलेटिक्समध्ये हेप्टॅथलॉन करणारा, सहाव्या फेरीतला, तो या यादीत तिसरा रिसीव्हर होता. तुमचं म्हणणं लागू पडतं ते एका नावाला, बर्टनला. २०२४ ला तिसऱ्या फेरीची जागा त्याच्यावर घालवली आणि पहिल्या सीझनला चार कॅच, स्पेशल टीम्समध्येही खास काही नाही. ती एक जागा डिफेन्सला दिली असती तर मी काही बोललो नसतो.

प्रश्न : बाबा म्हणतात किकऑफला आता सगळे नुसते उभे राहतात, तो खेळच राहिला नाही. मला तर आता जास्त मजा येते. नियम नीट सांगा ना, मी इंजिनिअरिंगला आहे, डिटेलमध्ये सांगितलं तरी चालेल.
— एक विद्यार्थिनी, फतेहगंज

उत्तर : तुझं बरोबर आहे, आणि बाबांना आधी जुनं काय होतं ते आठवायला सांग. जुन्या किकऑफला एका टीमचे दहा जण लांबून पूर्ण वेगात पळत यायचे आणि समोरच्यांवर आदळायचे, डोक्याला मार लागायचा, म्हणून लीगने (एनएफएलने) हळूहळू असे नियम केले की बॉल एंड झोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात, मारून टचबॅक (न पळता ठरलेल्या रेषेवरून खेळ सुरू) घेणंच सोयीचं झालं. परिणाम काय, २०२३ च्या सीझनला शंभरातले बाविसेक किकऑफच परत आणले गेले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये (अंतिम मॅचला) तर एकही नाही. म्हणजे उभं राहणं खरं तेव्हा होतं.

२०२४ पासून एक्सएफएल या दुसऱ्या लीगच्या धर्तीवर नवा किकऑफ आणला. किकर एकटाच मागे, आपल्या ३५ यार्ड लाइनवर (आपल्या गोल लाइनपासून ३५ यार्ड). त्याचे बाकीचे दहा जण पुढे समोरच्या टीमच्या ४० यार्ड लाइनवर. समोरच्यांचे ब्लॉकर ३५ ते ३० च्या पट्ट्यात, त्यातले निदान सात जण ३५ च्या रेषेवरच हवेत. म्हणजे दोन फळ्यांमध्ये अंतर पाचच यार्डांचं, पळत येऊन आदळायला जागाच नाही. मागे जास्तीत जास्त दोन रिटर्नर, म्हणजे बॉल उचलून पळणारे. गोल लाइनपासून २० पर्यंत लँडिंग झोन, आणि तिथे किंवा एंड झोनमध्ये बॉल जमिनीला किंवा माणसाला लागेपर्यंत किकर आणि ते रिटर्नर सोडून कुणी हलायचं नाही, बाबांना जे उभं राहणं दिसतं ते एवढंच, ते तीन-चार सेकंदांचं, त्यानंतर जे सुटतात ते बघण्यासारखं असतं.

आता गंमत बघ. बॉल लँडिंग झोनच्या अलीकडेच पडला तर रिसीव्ह करणाऱ्या टीमला थेट ४० यार्ड लाइन. झोनमध्ये पडून मग घरंगळत एंड झोनमध्ये गेला आणि तिथे धरून बसले तर २०. हवेतूनच एंड झोनमध्ये गेला तर टचबॅक, आणि हा टचबॅक २०२४ ला ३० वर होता. किकरांनी हिशोब केला, ३० म्हणजे काही वाईट नाही, मारा लांब, त्यामुळे रिटर्न वाढले पण तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच अडकले. म्हणून २०२५ ला टचबॅक ३५ वर नेला. एका फर्स्ट डाऊनला, म्हणजे बॉल आपल्याकडे राखण्याच्या नव्या संधीला, दहा यार्ड लागतात, त्यातले पाच समोरच्याला फुकट द्यायचे हे कुठल्या कोचला परवडेल? आता बॉल झोनमध्येच टाकावा लागणार आणि तो कुणीतरी उचलून पळावाच लागणार.

वर मामांना मी जे सांगितलं त्याचं मूळ इथे आहे. मागे दोन रिटर्नर, बॉल कुणाकडे येईल माहीत नाही, टप्पा खाऊन वेडावाकडाही येऊ शकतो, म्हणजे दोघांचेही हात पक्के हवेत आणि दोघांनाही गर्दीतून वाट काढता यायला हवी. हे काम करतात रिसीव्हर नाहीतर रनिंग बॅक (बॉल हातात घेऊन पळणारे). टचबॅकच होत होते तेव्हा पाचवा-सहावा रिसीव्हर ही चैन होती, आता गरज आहे. फक्त ऑनसाइड किकचं (बॉल आपणच परत मिळवायला मारलेली छोटी किक) मात्र मला वाईट वाटतं, २०२५ ला पिछाडीवरच्या टीमलाच ती मिळायची आणि तीही आधी सांगून मारायची. अचानक मारायची ती गेली, खेळातली एक सुंदर चोरी गेली.

प्रश्न : मी व्यायामशाळेत मुलांना कबड्डी शिकवतो. नातवाबरोबर हा खेळ बघतो. मागून धरून खाली पाडलं तर त्यात फाऊल कसला? हिप-ड्रॉप म्हणजे नक्की काय?
— एक आजोबा, वाडी

उत्तर : आजोबा, मागून धरायला आजही परवानगी आहे. बंदी आहे ती पुढच्या गोष्टीला : दोन्ही हातांनी धरायचं, मग आपलं अंग वळवून कंबर हवेतून खाली सोडायची आणि पळणाऱ्याच्या पायावर, गुडघ्यावर किंवा त्याखाली, आपलं सगळं वजन घेऊन पडायचं. तुम्ही मुलांना कंबर पकड शिकवता तेव्हा पकडणारा आपले पाय जमिनीत रोवून रेडरला थोपवतो, इथे उलट, पकडणाराच आपले पाय उचलून घेतो आणि समोरच्याचा घोटा खाली अडकतो. नोव्हेंबर २०२३ ला बाल्टिमोर रेव्हन्सच्या मार्क अँड्र्यूजचा घोटा असाच गेला, आणि टॅकल करणारा आपल्याच बेंगल्सचा लोगन विल्सन होता. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा नियमात बसत होतं. २०२४ पासून १५ यार्डांची पेनल्टी आणि वर फर्स्ट डाऊन. मैदानात फ्लॅग (रेफरीची फाऊलची खूण) क्वचितच पडतो कारण त्या धांदलीत रेफरीला हे सगळं दिसणं अवघड, बहुतेक वेळा नंतर व्हिडिओ बघून खेळाडूला दंड लावतात. बंदी योग्य आहे, माझं ठाम मत.

प्रश्न : चेसने २०२४ ला रिसीव्हरांची ट्रिपल क्राऊन घेतली, १२७ कॅच, १७०८ यार्ड, १७ टचडाऊन, तिन्हीत पहिला. मग टीम प्लेऑफलासुद्धा का नाही गेली? आणि तरी चेस-हिगिन्सवर एवढा पैसा?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : कारण समोरच्यांना कुणी अडवतच नव्हतं. नोव्हेंबरात बाल्टिमोरला चेसने एका मॅचमध्ये २६४ यार्ड आणि ३ टचडाऊन केले, आणि हरले ३५-३४. त्याआधी त्याच रेव्हन्सकडून ४१-३८, मग स्टीलर्सकडून ४४-३८. अडतीस पॉइंट करून हरायचं म्हणजे रिसीव्हरने अजून करायचं तरी काय! सीझन ९-८ वर संपला.

पैशाचं म्हणाल तर मार्च २०२५ ला चेसला चार वर्षांचे १६ कोटी १० लाख डॉलर, हिगिन्सला चार वर्षांचे साडेअकरा कोटी. वर्षाची सरासरी दोघांची मिळून ६ कोटी ९० लाख, आणि २०२५ ची सॅलरी कॅप (एका टीमच्या पगारांची मर्यादा) २७ कोटी ९२ लाख. हिशोब दरवर्षी वेगवेगळा बसवतात, पण सरासरीने बघितलं तर कॅपचा जवळपास चौथा हिस्सा दोन रिसीव्हरांत. वर बरोचे वर्षाचे साडेपाच कोटी. आणि १७.५ सॅक (पास फेकणाऱ्याला मागेच पाडणं) घेऊन २०२४ ला लीगमध्ये पहिला आलेला डिफेन्सचा हेन्ड्रिक्सन मात्र पैशासाठी कॅम्पभर भांडत राहिला, हे मला आवडलं नाही.

पण रिसीव्हर घेणंच चूक, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. २०२१ च्या ड्राफ्टला हाच वाद होता, पाचव्या नंबरला चेस घ्यायचा की लाइनमन पेनेई सूएल. चेस घेतला आणि त्याच सीझनला टीम थेट सुपर बोलला गेली. तिथे बरोला सात वेळा पाडलं आणि रॅम्सकडून २३-२० ने हरले, तेव्हा सूएलवाले म्हणाले बघा. मी आजही चेसच घेतला असता. लाइनमन पुढच्या फेऱ्यांतही मिळतात, चेस मिळत नाही.

प्रश्न : बॉल हातात होता, मी डोळ्यांनी बघितला, तरी मुलगा म्हणतो आई कॅच नाही. हे काय?
— एक आई, रावपुरा

उत्तर : ताई, तीन गोष्टी लागतात. बॉलवर ताबा, मग दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा भाग, हात सोडून, मैदानाच्या आत टेकलेला, आणि मग खेळाची एखादी हालचाल, म्हणजे तिसरं पाऊल टाकणं, बॉल पुढे सरकवणं वगैरे, किंवा ती करता येईल इतका वेळ ताबा. २०१८ च्या आधी आणखी कडक होतं, पडताना बॉल जमिनीवर हलला की कॅच गेला, जानेवारी २०१५ ला ग्रीन बेमध्ये काउबॉइजच्या डेझ ब्रायंटचा तसाच गेला आणि ते लोक अजून विसरले नाहीत. आणि हो, हात चांगले असून बॉल का सुटतो हेही लोक विचारतात. चेस स्वतः पहिल्या वर्षी प्री-सीझनला बॉल सोडत होता, तेव्हा त्याने सांगितलेलं की कॉलेजच्या बॉलवर पांढरे पट्टे असतात, येताना दिसतात, एनएफएलच्या बॉलवर ते नाहीत. लोक तेव्हा हसले. त्याच सीझनला त्याने १४५५ यार्ड केले.

प्रश्न : टश पुश बंद का नाही झाला? आणि ओव्हरटाइमचा नवा नियम काय?
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : टश पुश म्हणजे बॉल धरलेल्या क्वार्टरबॅकला मागून ढकलून पुढे नेणं. तो बंद करायचा पॅकर्सनी प्रस्ताव आणला, मे २०२५ ला मतदान झालं, ३२ टीमपैकी २४ मतं लागतात, मिळाली २२. राहिला. मला तो बंद व्हायला नकोच आहे, ईगल्सना जमतं ते बाकीच्यांनी अडवायला शिकावं.

ओव्हरटाइमचं मूळ जानेवारी २०२२ मध्ये आहे. चीफ्सनी टॉस जिंकला, टचडाऊन केला, ४२-३६ ला मॅच संपली आणि बिल्सच्या जोश ॲलनला बॉल मिळालाच नाही. त्यानंतर प्लेऑफला दोन्ही टीमला बॉल मिळायला लागला, २०२५ पासून साध्या मॅचलाही मिळणार, पहिल्याच पाळीत सेफ्टी झाली (बॉल असलेली टीम आपल्याच एंड झोनमध्ये पाडली गेली) तर गोष्ट वेगळी. पण वेळ दहाच मिनिटं ठेवली. ईगल्सच्या मूळ प्रस्तावात पंधरा होती ती कापली, हे चुकलं, कारण पहिल्या टीमने सावकाश खेळत आठ मिनिटं काढली तर दुसऱ्या टीमला बॉल मिळणार खरा, पण दोन मिनिटांसाठी.