नेपल्सला एक दिवस हाताशी असेल तर पेस्टम बघावं का?

पोम्पेई बघून झाल्यावर एक दिवस उरतोय, तो पेस्टम या नेपल्सच्या दक्षिणेच्या प्राचीन ग्रीक शहराच्या अवशेषांवर घालवावा का, आणि तिथे देवळांशिवाय काय आहे, असं तुम्ही विचारलंय. खुशाल जा. नेपल्सहून रेल्वेने साधारण सव्वा तास. स्टेशनाबाहेर पडलं की समोरच जुन्या तटाची वेस लागते, तिथून देवळं दहा मिनिटांच्या चालीवर. टोपी मात्र न्या, सावली नावालाच आहे.

गावाचं मूळ ग्रीक नाव पोसिडोनिया. इ.स.पू. 600च्या सुमारास ते वसवलं सिबारिसच्या लोकांनी, आणि सिबारिस ही दक्षिण इटलीतलीच ग्रीक वसाहत. म्हणजे वसाहतीने घातलेली वसाहत. तीन डोरिक, म्हणजे जाड, साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतली देवळं अजून उभी आहेत. सर्वांत जुन्या, हेरा या ग्रीक देवीच्या देवळाचे दर्शनी खांब मोजा: नऊ. विषम आकडा, त्यामुळे ऐन मधोमध खांब येतो. गाभाऱ्यातही मधूनच खांबांची रांग गेलीय. हे देऊळ असेल असं 18व्या शतकातल्या अभ्यासकांना वाटेना, म्हणून त्यांनी त्याला 'बॅसिलिका', म्हणजे रोमनांचं सार्वजनिक सभागृह, म्हटलं, ते नाव अजून चिकटून आहे. खांब पोटाशी फुगलेले, माथ्यावरचा दगड वजनाने दबलेल्या उशीसारखा पसरट. शेजारचं शंभरेक वर्षांनंतरचं देऊळ जास्त रेखीव आहे, पण मी रमलो ते या बेढब म्हाताऱ्यापाशीच.

म्युझियम चुकवू नका. 1968 साली सापडलेल्या एका थडग्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे फक्त मेलेल्या माणसालाच दिसेल अशा जागी, पाण्यात सूर मारणारा एक तरुण रंगवलाय. काळ इ.स.पू. 480 ते 470च्या आसपासचा.

आता माझ्या आवडीची गोष्ट. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटी लुकानियन या इटलीतल्याच स्थानिक लोकांनी शहर घेतलं. अ‍ॅरिस्टोक्सेनस हा ग्रीक लेखक सांगतो की इथले ग्रीक आपली भाषा, रीतिरिवाज विसरत गेले. एकच ग्रीक सण उरला होता. त्या दिवशी सगळे जमायचे, जुनी नावं आठवायचे, एकमेकांपाशी रडायचे आणि घरी जायचे. परदेशातल्या मंडळाच्या गणपतीला गेलेल्या माणसाला हे वाचून जरा कसंतरीच होतं!

पण उत्खननात निघालेलं चित्र इतकं रडवं नाही. चौकात ग्रीकांची गोल सभाजागा आहे, पायऱ्यापायऱ्यांची, मोठ्या बारवेसारखी. लुकानियन आले तरी ती वापरात राहिली. तिथे ज्युपिटर देवाला अर्पण केलेला एक कोरीव दगड सापडला. त्यावरची भाषा लुकानियनांची ऑस्कन, अक्षरं मात्र ग्रीक. जिंकणाऱ्यांनी जागाही ठेवली आणि लिपीही उचलली. इ.स.पू. 273मध्ये रोमन आले, त्यांनी गावाचं नाव पेस्टम केलं आणि ती सभाजागा भराव घालून बुजवली. पुढे दलदल आणि मलेरियामुळे लोक डोंगरावर निघून गेले.

बहुतेक प्रवासी या गोल खड्ड्याकडे बघतही नाहीत, थेट देवळांशी फोटो काढायला पळतात. तुम्ही तिथे दहा मिनिटं थांबा. आणि परतताना म्हशीच्या दुधाचं ताजं मोझरेला खा, तिथल्या आसपासच्या गोठ्यांतलंच असतं.