आता हयात नसलेल्या जुन्या सहकाऱ्यांची आठवण मेळाव्यात कशी करावी?

प्रश्न: आमच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांचा मेळावा आहे. जे सहकारी आता नाहीत त्यांच्यासाठी काय करावं? नावं वाचावीत, फोटो लावावेत, की दोन मिनिटं शांतता पुरे?

उत्तर:

नावं वाचा. फोटो नकोत. शांतता घड्याळ लावून पाळा. झालं तुमचं उत्तर.

पण नावं वाचायची तर यादी लागते. ती कोण करणार आणि कशावरून करणार, हे तुम्ही विचारलंच नाहीत. माझं घोडं गेली चार वर्षं तिथेच अडलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी ड्रॉइंग ऑफिसातला माणूस. लागलो तेव्हा संगणक यायचा होता. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचं, ट्रेसरने त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून ते शाईने गिरवायचं, त्या ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट, म्हणजे नकला, काढून शॉपमध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्ष माल बनतो तिथे, पाठवायच्या. उजव्या हाताला खाली टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीची चौकट, त्यात चार रकाने: ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्ह्ड. ज्याने त्याने आपल्या रकान्यात नावाची दोन अक्षरं आणि तारीख टाकायची. सही नव्हे, दोन अक्षरं.

ट्रेस्डच्या रकान्यात आमच्याकडे बहुतेक एकच दोन अक्षरं असायची. त्यांना आम्ही ताई म्हणायचो. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. तळहाताखाली कागदाचा एक कपटा घेऊन काम करायच्या, घामाचा डाग पडू नये म्हणून. शाई सांडली तर ब्लेडचं पातं आडवं धरून अशी खरवडायच्या की प्रिंटवर मागमूस राहत नसे. हवा दमट झाली की ट्रेसिंग पेपर फुगतो, तेव्हा त्या आधी सगळ्या सेंटर लाइनी मारून घ्यायच्या आणि मग थांबायचं नाव नाही. त्यांचा सातचा आकडा शॉपमधले लोक लांबून ओळखायचे.

ट्रेसरचं काम गिरवायचं, तपासायचं नव्हे. तपासायला चेकर असतो, त्याला पगारही त्याचाच मिळतो. हे मुद्दाम सांगतोय.

लागून दोन-तीन महिने झाले असतील. मी एक पट्टी काढली होती. तिच्यात सहा भोकं, एका भोकाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत ७५ मिलिमीटर. पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंतचं माप मी ऐटीत लिहिलं ४५०. सहा गुणिले ७५. चेकरने पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर बरोबरची खूण केली आणि ते ताईंकडे गेलं. तासाभराने ताई कागद घेऊन माझ्या बोर्डापाशी आल्या. ४५०च्या शेजारी पेन्सिलीने अगदी फिकट प्रश्नचिन्ह होतं. म्हणाल्या, "अरे, हा आकडा मला नीट लागत नाहीये. चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक. जरा बघ ना."

मी बघितलं. सहा भोकं म्हणजे पाच अंतरं. ३७५.

चष्मा त्यांचा ठणठणीत होता. आजूबाजूला चार माणसं बसलेली, म्हणून त्यांनी नंबर वाढवून घेतला. पुढच्या वर्षांत माझे असे कितीतरी आकडे ताईंना "नीट लागले नाहीत". त्यातला एक जरी शॉपमध्ये गेला असता तरी किती माल भंगारात गेला असता आणि मी कुठे गेलो असतो, याचा हिशेब मी अजून कधी कधी करतो.

ताई आमच्या पटावर नव्हत्या. ट्रेसिंगचं काम कंत्राटावर होतं, त्या कंत्राटदाराच्या. आमच्या मधोमध बसायच्या, आमच्याइतकेच तास बसायच्या, पण हजेरीचं पुस्तक वेगळं. संगणक आला, ट्रेसिंग संपलं, कंत्राट संपलं. शनिवारपर्यंत होत्या, सोमवारी नव्हत्या. निरोप समारंभ पटावरच्यांचा होतो. त्या वारल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही स्टोअरकीपरकडून, दुसऱ्याच कामाच्या फोनवर.

चार वर्षांपूर्वी आमचा मेळावा ठरला. यादी करायला घेतली आमच्या सेक्शनच्या जुन्या साहेबांनी. आस्थापनेकडून निवृत्तांची यादी मागवली, जे गेले त्यांच्यापुढे फुली मारली आणि ग्रुपवर टाकली. ताई नाहीत. मी फोन केला.

"ती आपली नव्हती रे, कंत्राटदाराची होती," साहेब म्हणाले.

"साहेब, निम्म्या ड्रॉइंगांवर त्यांची अक्षरं आहेत."

"कुठे आहेत? दाखव."

मी अजून ऑफिसात असलेल्या एका पोराला सांगून त्या पट्टीचं ड्रॉइंग मागवलं, कारण नंबर मला तोंडपाठ होता. आलं. नव्या साच्यात, सुबक, सगळे आकडे एकाच छापाचे. ड्रॉनच्या रकान्यात दोन अक्षरं होती. माझी.

कारण जुनी ड्रॉइंग संगणकावर नव्याने काढायचं काम माझ्याकडे होतं. ते शिकलेला पहिला मीच, छाती फुगलेली. नव्या टायटल ब्लॉकमध्ये ट्रेस्ड हा रकानाच नव्हता. ते बरोबरच आहे म्हणा. टायटल ब्लॉकचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७२००. त्याच्या २००४च्या आवृत्तीत तयार करणारा आणि मंजूर करणारा हे अनिवार्य आहेत, गिरवणाऱ्याला जागा नाही. जे काम उरलं नाही त्याचा रकाना कोण ठेवणार? पण ड्रॉनमध्ये मूळ माणसाची अक्षरं ठेवून खाली "अमुक ट्रेसिंगवरून पुन्हा काढले" अशी टीप टाकता आली असती. कोणी अडवलं नव्हतं. मी माझी अक्षरं आणि त्या दिवसाची तारीख टाकली आणि पुढचं उघडलं. शेकडो शीटं अशी केली. ताई तेव्हा दोन टेबलं पलीकडे उरलेली ट्रेसिंग संपवत होत्या.

साहेबांना मी ते ड्रॉइंग पाठवलं नाही. त्यांनी दुसऱ्याकडून मागवलं, आणि मग फोनवर जे हसले ते मला अजून ऐकू येतं. "पुसलंस तू, आणि यादी मी सुधारू?"

तर हे माझं दुखणं. आता माझं म्हणणं.

पट म्हणजे पगाराचा कागद. कोणाला पैसे कोणत्या खात्यातून गेले एवढंच त्यावरून कळतं. सहकारी कोण, हे काम सांगतं. तुम्ही आस्थापनेच्या यादीवरून सुरुवात केलीत तर कंत्राटी गेले, प्रशिक्षणार्थी गेले, भांडून राजीनामा दिलेले गेले, काढून टाकलेले गेले. उरतात ते ज्यांचा निरोप समारंभ आधीच एकदा झालेला आहे.

हे फक्त आमच्यासारख्या फुटकळ ऑफिसांत होतं असं समजू नका. अपोलो १५च्या अंतराळवीरांनी १९७१ साली आपल्या मृत सहकाऱ्यांसाठी चंद्रावर एक छोटी मूर्ती आणि १४ नावांची पाटी ठेवली. आधी गाजावाजा नाही, परत आल्यावर सांगितलं. आठ अमेरिकन, सहा सोव्हिएत. शीतयुद्ध ऐन भरात असताना समोरच्या गोटातली माणसं सहकारी म्हणून मोजली, याला मी मानतो. तरीही त्या पाटीवर काही नावं नाहीत. बोंदारेन्को हा अंतराळवीर होण्याचं प्रशिक्षण घेणारा सोव्हिएत वैमानिक १९६१ मध्ये सरावाच्या कोठडीत आगीत भाजून गेला, पण सोव्हिएत सरकारने ते दडवलं होतं, तेव्हा नाव येणार कुठून? आणि रॉबर्ट लॉरेन्स. हा अमेरिकन हवाई दलाच्या अंतराळ कार्यक्रमासाठी निवडलेला वैमानिक, अंतराळवीर म्हणून निवड झालेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. ८ डिसेंबर १९६७ रोजी विमान कोसळून गेला. अंतराळात जाण्याआधीच गेला, म्हणून "अंतराळवीर" या व्याख्येत बसेना. केनेडी स्पेस सेंटरमधल्या स्मारकावर त्याचं नाव लागलं १९९७ साली. तीस वर्षं! मी हे साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "तुझी ताई काय चंद्रावर चालली होती काय?" यावर काय बोलणार.

उलट बाजूचं उदाहरण मला जास्त आवडतं. इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या क्रमांकित कागदांत लिहिले जातात, त्या आरएफसी मालिकेचं संपादन जॉन पोस्टेल वर्षानुवर्षं करत होते. ते १६ ऑक्टोबर १९९८ला गेले, तेव्हा त्यांचे जुने सहकारी व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि ते प्रसिद्ध झालं त्याच मालिकेत, आरएफसी २४६८ म्हणून. वेगळी स्मरणिका नाही. माणूस ज्या कागदांत राबला त्याच कागदांत त्याचा कागद. म्हणून मी फोटोला नाही म्हणतो. मेळाव्याचे फोटो संध्याकाळी उतरवून कपाटामागे ठेवले जातात. शिवाय फोटो सगळ्यांचे मिळत नाहीत, आणि न मिळणारे फोटो नेमके कोणाचे असतात ते तुम्हाला आता कळलं असेल. ताईंचा एकही नाही. सेक्शनच्या ग्रुप फोटोच्या दिवशी त्यांना "जरा प्रिंट घेऊन या" म्हणून पाठवलं होतं. कोणी, ते लिहीत नाही.

शांततेबद्दल. दोन मिनिटांची प्रथा पहिल्या महायुद्धाच्या शेवटची, ब्रिटनमध्ये ती ११ नोव्हेंबर १९१९ला पहिल्यांदा पाळली गेली. आमच्या मेळाव्यात मी एकदा घड्याळ लावलं होतं. ४१ सेकंद. सूत्रसंचालकाला पुढचा कार्यक्रम दिसत असतो. एवढीच पाळायची असेल तर दोन मिनिटं असं जाहीर तरी करू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, आता सांगतो. यादीतला माणूस खरंच गेलाय का हे दोन ठिकाणी विचारा. आमच्याकडे पहिल्याच वर्षी एक जिवंत गृहस्थ वाचले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "मी नक्की कधी गेलो ते सांगा, घरी कळवतो." कसा गेला, कशाने गेला हे व्यासपीठावरून बोलू नका. काहींच्या घरच्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नसतं. घरच्यांना आधी विचारा आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. आणि समाजमाध्यमांवर गेलेल्या माणसाचं खातं तसंच चालू असेल तर वाढदिवसाला शुभेच्छा द्यायची आठवण येत राहते. ते खातं स्मृतिखातं करण्यासाठी घरच्यांना अर्ज करता येतो, त्यांना ते बहुधा माहीत नसतं. आणि हो, साहेबांबद्दल मी जे लिहिलं ते एका बाजूचं आहे. आजारी माणसांना भेटायला सगळ्यांत जास्त तेच जातात.

ताईंचं पुढे काय झालं? तो ऑफिसातला पोरगा चिवट निघाला. जुनी ट्रेसिंग भंगारात काढण्याआधी कोणीतरी ती स्कॅन करून ठेवली होती, एका फोल्डरमध्ये, ज्याला कोणी हात लावत नव्हतं. त्यात ती पट्टी सापडली. शाईचं काम, सातचा तो आकडा, ३७५, आणि ट्रेस्डच्या रकान्यात दोन अक्षरं. सोबत माझं मूळ पेन्सिलीचं शीटही स्कॅन झालेलं होतं. ते कोणी का ठेवलं देव जाणे. त्यात ४५० खोडलेलं दिसतं, आणि उजेड वाढवून पाहिलं तर शेजारचं प्रश्नचिन्हही. दोन्ही चित्रं मी साहेबांना पाठवली. उत्तर आलं नाही. पुढच्या मेळाव्यात नाव वाचलं गेलं. शेवटी, "इतर" असा मथळा करून.

तेव्हा यादीत "इतर" असा मथळा ठेवू नका. आडनावाच्या अक्षराने लावा, साहेब आणि कंत्राटी एकाखाली एक येऊ द्या. माझं भांडण याच एका शब्दावर अजून चालू आहे. मेळावा कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. महिनाभर असेल तर आस्थापनेला पत्र लिहिण्याआधी तुमच्या जुन्या स्टोअरकीपरला आणि गेटवरच्या माणसाला फोन करा. त्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात.