'नोइंग', 'हॅविंग' आणि हरवलेला 'न्त'

विचारणा अशी: 'मला समजत आहे' मराठीत चालतं, मग 'आय ॲम अंडरस्टँडिंग' इंग्रजीत का खटकतं? आणि 'मी उद्या जात आहे' हे तिथे चालू वर्तमानकाळात सांगता येतं का?

'आत्ता चाललेली क्रिया' ही व्याख्या सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो. माझा राग आहे तो 'ॲम-इज-आर ठेवा, क्रियापदाला आयएनजी जोडा, झाला चालू वर्तमानकाळ' या घोकंपट्टीवर. तिच्याच पोटी 'आय ॲम नोइंग हिम' आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' जन्माला येतात. दोन भाऊ असणं हा काय दुपारपर्यंत आटोपणारा उद्योग आहे? 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणं.

खरी मौज प्रत्ययात आहे. 'करत आहे'मधला 'त' हा संस्कृतातल्या वर्तमानकालवाचक धातुसाधिताचा, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या 'करत असलेला' अशा अर्थाच्या शब्दाचा, 'अन्त'. प्राकृतातून मराठीत येता येता त्याचा अनुनासिक झडला. 'जिवंत', 'ज्वलंत' यांत तो अजून शाबूत आहे. आणि जुन्या इंग्रजीत याच कुळातला प्रत्यय होता, 'एंडे'! 'गात असलेला' म्हणजे 'सिंगेंडे'. जर्मनने तो आजवर जपलाय. इंग्रजीत त्याचे अवशेष उरले ते 'फ्रेंड' आणि 'फीन्ड' या शब्दांत: पहिला मुळात 'प्रेम करत असलेला', दुसरा 'द्वेष करत असलेला'. म्हणजे 'फ्रेंड'चा 'न्ड' आणि 'जिवंत'चा 'न्त' हे सख्खे चुलत!

मग आयएनजी कुठून उपटला? तो मुळात क्रियापदापासून नाम घडवणारा प्रत्यय: 'मीटिंग', 'वेडिंग', 'बिल्डिंग'. बाराव्या शतकानंतर दक्षिण इंग्लंडातल्या बोलींत त्याने हळूहळू 'एंडे'ची जागा बळकावली. हा निव्वळ उच्चारांचा गोंधळ, चालू काळ जुन्या धातुसाधिताचाच वारस, असं काही पंडित ठासून सांगतात. मला ते साफ नामंजूर आहे. मग 'ही इज अ-हंटिंग'मधला 'अ' काय आभाळातून पडला? तो 'ऑन'ची झीज होऊन उरलेला आहे: 'ही इज ऑन हंटिंग', तो शिकारीवर आहे. डच माणूस आजही 'मी वाचतो आहे'साठी शब्दशः 'मी वाचण्यावर आहे' म्हणतो. आणि दुसरा पुरावा: अठराव्या शतकात 'द हाउस इज बिल्डिंग' याचा अर्थ सरळ 'घराचं बांधकाम चालू आहे' असा होत असे. पंडितांचं ऐकलं तर घरच गवंडी ठरतं! 'इज बीइंग बिल्ट' हे त्या शतकाच्या अखेरीस रुळू लागलं, आणि पुढच्या शतकातले व्याकरणकार त्यावर नाकं मुरडत बसले.

तेव्हा माझं म्हणणं असं की इंग्रजीचा चालू काळ हा मुळात पत्ता आहे. माणूस क्रियेच्या आत असतो, साहेब 'मीटिंगमध्ये' असतात तसा. जिच्यात शिरता येतं आणि जिच्यातून बाहेर पडता येतं, तीच क्रिया इथे बसते. 'नो', 'ओन', 'बिलाँग' यांना आत-बाहेर नाहीच. मराठीचा 'त' विशेषणासारखा कर्त्याला चिकटतो, म्हणून 'समजत आहे' खुशाल चालतं. पुस्तकं मात्र 'स्थितिवाचक क्रियापदं' अशी यादी देऊन मोकळी होतात. यादी पाठ केलेल्याला मग 'यू आर बीइंग रूड' ऐकून घाम फुटतो. 'बी' तर यादीत पहिलं! पण इथे 'उद्धट आहेस' असं म्हणायचं नसून 'उद्धटपणा चालवला आहेस' असं म्हणायचंय, आणि तो थांबवता येतो.

हां, उद्याचं राहिलं. 'आय ॲम गोइंग टुमारो' बिनधास्त म्हणा, बेत ठरलेला असेल तर. 'द सन इज रायझिंग ॲट सिक्स टुमारो' मात्र नको. सूर्याने कुणाशी काही ठरवलेलं नाही.